माऊस अडखळतो, कीबोर्ड अक्षरं गाळतो: नवीन सेट घेण्याआधी डोंगलची जागा बदला

तक्रार साधारण अशी असते. वायरलेस माऊस नीट चालता चालता मध्येच अडखळतो, कर्सर एका जागी थिजतो आणि मग उडी मारून भलतीकडे जातो. कीबोर्डवर भराभर टाइप केलं की मधली अक्षरं गळतात, नाहीतर एखादं अक्षर "मममममम" करत ओळभर पळत सुटतं. सेल बदलले की थोडा वेळ बरं वाटतं. रीस्टार्ट केलं की दोन दिवस ठीक चालतं. पुन्हा तेच. शेवटी दुकानदार म्हणतो, "रिसिव्हर गेला, नवीन सेट घेऊन टाका." नवीन सेट येतो आणि आठवडाभरात तोही तसाच वागायला लागतो.

दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट एकाच टेबलावर सारखेच बिघडत असतील तर दोष त्या टेबलाच्या आसपास शोधायला हवा. ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांत आणि छोट्या ऑफिसांत मी अशा तक्रारी बघतो, त्यात बहुतेक वेळा माऊस धडधाकट असतो, कीबोर्डही. डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावायचा तो छोटा रिसिव्हर, मात्र चुकीच्या जागी खोचलेला असतो.

आधी एक चाचणी करा

माऊस किंवा कीबोर्ड उचलून डोंगलच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर आणा आणि तिथे वापरून बघा. दोन-तीन मिनिटं. तिथे लोण्यासारखा चालला तर अडचण रेडिओ सिग्नलची आहे आणि पैसे खर्च न करता सुटण्याची शक्यता खूप आहे. तिथेही अडखळला तर सेल, सेन्सर, बटण किंवा विंडोजचं सेटिंग यांच्याकडे वळा. ते पुढे येतंच.

मराठी टाइप करणाऱ्यांना सिग्नलची गडबड इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर कळते. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कळ-मांडणीत हलन्त (पाय मोडायची खूण) 'डी'च्या कळीवर आहे. 'महाराष्ट्र' लिहिताना ती कळ दोनदा दाबावी लागते. दोन्ही वेळा सिग्नल हरवला की पडद्यावर 'महाराषटर' उमटतं. शिफ्ट सोडल्याचा निरोपच कॉम्प्युटरपर्यंत पोचला नाही तर तो शिफ्ट दाबलेलीच समजतो, आणि तुम्ही 'कमल' टाइप केलेलं 'खणळ' होऊन बसतं. ओळभर पळणाऱ्या 'म'चंही कारण हेच: कळ दाबल्याचं कळलं, सोडल्याचं कळलं नाही. नौपाड्यातल्या एका डीटीपीवाल्या मित्राने अशा चुकांपायी लग्नपत्रिकेची प्रूफं पुन्हा पुन्हा वाचली होती. त्याला वाटायचं हात थकलाय.

हे होतं कशामुळे

बहुतेक वायरलेस सेट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. नेमकं सांगायचं तर 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ. या पट्ट्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण 2.45 गिगाहर्ट्झवरच चालतो. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये मोबाइलवर वायफायची यादी उघडा, बोटाने सरकवत बसावं लागतं. माऊसची ताकद साधारण मिलिवॅटभर. राउटरची त्याच्या कितीतरी पट. ठाणे स्टेशनवर अनाउन्समेंट चालू असताना शेजारच्याने पुटपुटत पत्ता सांगावा, तसा हा प्रकार.

तरी शेजाऱ्यांचं वायफाय हा दुय्यम आरोपी आहे. मुख्य आरोपी तुमच्याच लॅपटॉपवर असतो: यूएसबी 3 पोर्टला लावलेली वस्तू. यूएसबी 3.0 सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने डेटा पाठवतं, आणि त्या वेगामुळे निर्माण होणारा रेडिओ गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येऊन पडतो. इंटेलने 2012 मध्ये यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. हा गोंगाट पोर्टमधून, केबलमधून आणि जोडलेल्या हार्ड डिस्कमधूनही बाहेर पडतो. डोंगल नेमका शेजारच्या पोर्टमध्ये, एका सेंटिमीटरवर असला तर त्याला माऊसचं काही ऐकूच येत नाही.

एक बारकावा इथे लोक चुकवतात. निळ्या, म्हणजे यूएसबी 3च्या पोर्टमध्ये डोंगल लावणं हा गुन्हा नाही. डोंगल स्वतः यूएसबी 2च्याच चालीने चालतो. शेजारच्या पोर्टमध्ये काय धावतंय, ते बघायचं.

घणसोलीला माझ्या वहिनी घरून काम करतात. त्यांचा फोन ठरावीक वेळी यायचा: "भाऊजी, माऊस परत मेला. आणि मीटिंग चालू आहे." लॅपटॉप पातळ, पोर्ट दोनच, म्हणून एक बहुपोर्टी हब. हबमध्ये डावीकडे पोर्टेबल हार्ड डिस्क, तिच्या शेजारी माऊसचा डोंगल, पलीकडे नेटची केबल. दुपारी बॅकअप आपोआप सुरू व्हायचा, डिस्कचा निळा दिवा लुकलुकायला लागायचा आणि कर्सर उड्या मारायला लागायचा. मी तिथे बसलेलो असताना डिस्कची केबल उपटली, कर्सर सरळ. परत लावली, पुन्हा उड्या. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी माऊसला शिव्या घालत होते, आणि चोर हा?" डोंगल हबमधून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये गेला आणि प्रकरण मिटलं. तक्रार ठरावीक वेळीच का येते, हे विचारलं की निम्मं उत्तर तिथेच सापडतं. बॅकअप, पेनड्राइव्हवर फाइल कॉपी करणं, जेवण गरम करणं, मुलाचा ऑनलाइन क्लास.

मग करायचं काय

स्वस्तातला उपाय: यूएसबी 2.0ची एक्स्टेन्शन केबल, हातभर लांबीची. एक टोक पोर्टमध्ये, दुसऱ्या टोकाला डोंगल, आणि तो डोंगल टेबलावर कीबोर्डच्या जवळ, समोर दिसेल असा. काही कंपन्या अशी केबल किंवा छोटा स्टँड खोक्यातच देतात, आणि आपण तो खोक्यासकट माळ्यावर टाकतो. दुकानात मागताना 'यूएसबी एक्स्टेन्शन, मेल-फीमेल' म्हणा. प्रिंटरची केबल हातात पडली तर परत करा, तिचा इथे उपयोग नाही.

डेस्कटॉपवाल्यांचं दुखणं वेगळं. कॅबिनेट टेबलाखाली, डोंगल त्याच्या मागच्या पोर्टमध्ये, मागे भिंत, मध्ये पत्र्याचं कॅबिनेट, वर लोखंडी चौकटीचं टेबल. सिग्नल या सगळ्याला वळसा घालून येणार. डोंगल पुढच्या पोर्टमध्ये लावा किंवा केबलने वर आणा. पुढच्या पोर्टलाच पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क लावायची सवय असेल तर केबलच बरी.

राउटर टेबलावरच ठेवलेला असेल तर किमान एक-दीड मीटर लांब सरकवा. लॅपटॉप आणि फोन 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर न्या. बऱ्याच राउटरमध्ये दोन नावं दिसतात, त्यातलं '5जी' लिहिलेलं निवडा. त्याचा मोबाइलच्या 5जीशी संबंध नाही. 2.4वरच राहायचं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 1, 6 किंवा 11 ठेवा, हे तिन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. ब्लूटूथ माऊसवाल्यांनी तर 5 गिगाहर्ट्झ आधी करून बघावं, कारण लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात. 2.4वर मोठं डाउनलोड लागलं की ब्लूटूथच्या वाट्याला वेळ कमी येतो आणि माऊस रेंगाळतो.

झोपलेला डोंगल

वेगळी तक्रार: लॅपटॉप स्लीपमधून उठला की माऊस मरतो, डोंगल काढून घातला की जगतो. हे विंडोजच्या वीज वाचवण्याच्या सवयीमुळे होतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'युनिव्हर्सल सिरीयल बस कंट्रोलर्स'खाली 'यूएसबी रूट हब' दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर, वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी देणारी टिक असते, ती काढा. रूट हब एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची काढा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' दिसत असेल तर तोही बंद. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही, तेव्हा शोधत बसू नका.

माऊस थोडा वेळ पडून राहिल्यावर पहिली हालचाल गिळतो, हा मात्र बिघाड नाही. सेल वाचवायला तो स्वतः डुलकी घेतो. क्लिक केलं की उठतो.

सेल आणि पावसाळा

अल्कलाइन पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड 1.2 व्होल्टचा. रिचार्जेबल टाकल्यावर बॅटरीचा दिवा किंवा सॉफ्टवेअर 'संपत आली' म्हणून ओरडतं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. चालत असेल तर चालू द्या. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका, आणि भिंतीवरच्या घड्याळात टाकतो ते साधे स्वस्त सेल कीबोर्डमध्ये वर्षभर विसरू नका. ते गळतात.

आपल्याकडे खाडीची हवा. ऐरोली, वाशी, कोपरी, कळव्याच्या बाजूला पावसाळ्यात दमट हवा घराबाहेर जातच नाही, आणि सेलच्या खोबणीतल्या स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर चढतो. सेल नवे, तरी कीबोर्ड मेलेला. अल्कलाइन सेल गळला असेल तर ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, हाताला लावू नका. सेल काढा, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून थर पुसा, मग कोरड्या काडीने, आणि पूर्ण सुकल्यावरच नवे सेल. स्प्रिंग दबलेली असेल तर चिमट्याने हलकेच ओढून घ्या. पावसाळ्यात सेट बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवलेले बरे.

बिघाड वाटतो, पण नसतो

कीबोर्डने अचानक सगळंच बंद केलं, एखादी कळ दाबून धरली तरच अक्षर येतं? उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की विंडोज 'फिल्टर कीज' चालू करायची चौकट दाखवतं, आणि घाईत कोणीतरी 'यस' दाबतं. कीबोर्डवर वही ठेवून फोनवर बोलणाऱ्यांच्या घरी हे हमखास. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे फिल्टर कीज बंद करा. एवढ्यासाठी कीबोर्ड फेकलेला मी पाहिलाय.

माऊस काचेच्या टेबलावर चालत नाही, हा साध्या ऑप्टिकल सेन्सरचा स्वभाव आहे. चकचकीत पांढऱ्या सनमायकावरही काही माऊस बिचकतात. खाली साधी वही ठेवून बघा. चालला तर माऊस पॅड घ्या, विषय संपला. पोटाखालच्या भोकात केस किंवा धुळीचा गोळा अडकला असेल तर फुंकर पुरते.

एका क्लिकला दोन क्लिक होणं हा खरा बिघाड. बटणाखालचा छोटा स्विच झिजलेला असतो. विंडोजमध्ये डबल क्लिकचा वेग बदलून काही होत नाही. वॉरंटी असेल तर वापरा. नसेल आणि माऊस महागातला असेल तर रिपेअरवाला स्विच बदलून देतो. स्वस्त माऊसला तो खर्च परवडत नाही.

तरीही नवीन घ्यायचाच असेल

आधी एक अप्रिय मत. कॉम्प्युटर टेबलावरून हलणारच नसेल तर वायरचा सेट घ्या. सोसायटीचं ऑफिस, टॅलीचं टेबल, दवाखान्याचा काउंटर, अशा ठिकाणी वायरलेसने सोय होत नाही, फक्त सेल बदलायचं काम वाढतं. वायर दिसते म्हणून नको, हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

वायरलेसच हवा असेल तर पहिला प्रश्न: डोंगल की ब्लूटूथ? दोन पोर्टांच्या लॅपटॉपवाल्याने ब्लूटूथ बघावं. पोर्ट वाचतो, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या कडेला असल्याने पोर्टाजवळच्या गोंगाटापासून थोडी लांब राहते. ब्लूटूथही 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतं, पण गर्दीचे चॅनेल टाळत उड्या मारत जातं. मात्र विंडोज सुरू होण्याआधी, बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायचं असेल तेव्हा ब्लूटूथ कीबोर्ड सहसा कामाला येत नाही. डोंगलचा बहुतेक वेळा येतो. ज्याच्या घरी कॉम्प्युटर फॉरमॅट करायचे प्रसंग येतात त्याने डोंगलचा, किंवा दोन्ही असलेला घ्यावा. लॅपटॉप, टॅब आणि फोन असे तीन फिरवायचे असतील तर एका बटणाने उपकरण बदलणारा, 1-2-3 बटणांचा कीबोर्ड खरोखर सुखाचा.

दुसरा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही: डोंगल हरवला तर? स्वस्त सेटचा डोंगल कारखान्यातच त्या सेटशी जोडलेला असतो. तो हरवला की सेट भंगारात. लॉजिटेकने 2009 मध्ये 'युनिफाइंग' नावाचा डोंगल आणला, त्याच्यावर नारिंगी खूण असते आणि एकाला सहा उपकरणं जोडता येतात, डोंगल सुटाही मिळतो. 2021 मध्ये त्यांनी 'बोल्ट' काढला, तो युनिफाइंगच्या जुन्या माऊसशी जुळत नाही. जुना कीबोर्ड एका जातीचा आणि नवीन माऊस दुसऱ्या जातीचा घेतलात तर पोर्ट दोन अडकणार. खोक्यावर खूण बघून घ्या.

तिसरा, ऑफिसवाल्यांसाठी: एन्क्रिप्शन, म्हणजे कळांचा निरोप सांकेतिक रूपात पाठवणं. 2016 मध्ये बॅस्टिल नावाच्या सुरक्षा कंपनीने 'माऊसजॅक' हा दोष उघड केला. अनेक कंपन्यांच्या डोंगलला लांबून खोट्या कळा पाठवता येत होत्या. बँकेचे पासवर्ड टाइप होणाऱ्या टेबलावर खोक्यावर 'एईएस 128 बिट' लिहिलेला कीबोर्ड, किंवा सरळ वायरचा. वायरलेस कीबोर्डला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. मागे किंवा खोक्यावर 'आर-' ने सुरू होणारा क्रमांक नसेल तर तो फुटपाथवरच राहू द्या.

मराठी टाइप करणार असाल तर कळांची मांडणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नका. इन्स्क्रिप्टमध्ये 'ॉ' आणि 'ऑ' उजव्या टोकाच्या उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर आहेत. छोट्या, गोंडस कीबोर्डांत नेमकी तीच कळ आखूड करतात, नाहीतर भलतीकडे नेतात, आणि मग प्रत्येक 'डॉक्टर' आणि 'ऑफिस'ला हात अडखळतो. जीएसटीची कामं करणाऱ्याला नंबरपॅड हवाच. तो नसलेला कीबोर्ड दिसायला कितीही सुंदर असो.

ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीत सेक्टर 17 ला दुकानात जाऊन दोन ओळी टाइप करून बघा, माऊस मुठीत धरून बघा. मोठ्या हाताच्या माणसाला चपटा माऊस आठ तास वापरणं शिक्षा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पर्याय जास्त मिळतात, पण ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला जायचं, आणि वॉरंटीसाठी पुन्हा तेवढंच, हे एका माऊससाठी मला तरी झेपत नाही. दहा-पंधरा घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी.

घेतल्यावर बिलाचा फोटो काढा आणि माऊसच्या पोटावरचा सिरीयल नंबर त्यात येऊ द्या. पुढे स्टिकर घासून जातो. वॉरंटीला नेताना डोंगल बरोबर न्या; नुसता माऊस घेऊन गेलात तर तो दोष माऊसचा की डोंगलचा हे सर्व्हिस सेंटरवाल्याला तपासताच येत नाही, आणि तुमचा एक हेलपाटा वाया जातो.